पथ्य धरा, पण लेकराचं ताट रिकामं करू नका

"ताई, याले काहीच पचत नाही." हिंगणघाट असो, पुलगाव असो की देवळी, दीड-दोन वर्षांच्या लेकराची माय हे वाक्य बोलते तेव्हा त्या घरात दोन-चार पदार्थ आधीच बंद झालेले असतात. जुलाब लागले म्हणून दूध बंद. पोट फुगलं म्हणून पोळी बंद. अंगावर पुरळ आलं म्हणून अंडं बंद. शेजारीण म्हणाली म्हणून वरण बंद. त्यात कोणी मोबाईलवर 'आतडं बरं करणारा आहार' दाखवतो आणि बटाटाही बंद होतो. शेवटी लेकराच्या वाटीत उरते भाताची पेज आणि साखरेचं पाणी.

काही लेकरांना काही अन्न खरोखरच सोसत नाही. हा मायच्या मनाचा खेळ नाही आणि तिच्या दुधातला दोषही नाही. अशा लेकराला पथ्य हेच औषध असतं. पण पथ्याला दोन बाजू असतात. ताटातून काय काढायचं ही एक, आणि काढलं त्या जागी काय ठेवायचं ही दुसरी. आपल्या घरांत पहिली बाजू कडक पाळली जाते, दुसरी राहून जाते. ज्या घरात ताटात मुळातच तीन-चार पदार्थ असतात, तिथे त्यातले दोन काढले की जे उरतं त्याला पथ्य म्हणत नाहीत, उपासमार म्हणतात.

सोसत नाही म्हणजे नेमकं काय?

एकाच तक्रारीमागे तीन वेगळे आजार असू शकतात. तिघांचं पथ्य वेगळं आहे, म्हणून आधी फरक समजून घेऊ.

पहिला प्रकार दुधातली साखर न पचण्याचा. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. जोराचे जुलाब झाले की ही साखर पचवणारं आतड्याचं अस्तर काही दिवसांसाठी दुबळं पडतं. मग दूध प्यालं की पोट फुगतं, गुडगुडतं, आंबट वासाची पातळ शी होते. लहान लेकरांत हा त्रास बहुतेक वेळा तात्पुरता असतो. आतडं भरून आलं की काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, दूध पुन्हा पचू लागतं. तोवर ताजं दही किंवा ताक बहुतेकांना चालतं. अंगावरचं दूध तर अजिबात तोडायचं नाही.

दुसरा प्रकार दुधातल्या प्रथिनाच्या ॲलर्जीचा. यात पचनाची नव्हे, शरीराच्या संरक्षण यंत्रणेची गडबड असते. दूध दिल्यावर उलटी, अंगावर गांधी, ओठ सुजणं, शीमध्ये रक्त किंवा चिकट आव दिसणं ही त्याची लक्षणं. बहुतेकदा हा त्रास पहिल्या वर्षातच सुरू होतो आणि बरीच लेकरं तीन ते पाच वर्षांची होईपर्यंत त्यातून बाहेर पडतात. इथे एक गैरसमज काढून टाकू. सेवाग्राममुळे आपल्या जिल्ह्यात शेळीच्या दुधाचं नाव मोठं आहे. गांधींनी दूध न पिण्याचं व्रत घेतलं होतं आणि पुढे आजारपणात ते शेळीच्या दुधावर आले. ते एका मोठ्या माणसाचं स्वतःसाठी घेतलेलं व्रत होतं, ॲलर्जीवरचा उपाय नव्हता. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक लेकरांना शेळीचं आणि म्हशीचं दूधही तसाच त्रास देतं, कारण त्यातली प्रथिनं सारखीच असतात. लेकरू अंगावर पीत असेल तर ते चालूच ठेवायचं. गरज पडली तर डॉक्टर मायलाच काही दिवस दूध टाळायला सांगतात. वर्षाच्या आतलं लेकरू अंगावर पीत नसेल, तर त्याला काय पाजायचं हे घरी ठरवू नका. बालरोगतज्ज्ञच ते ठरवतील.

तिसरा प्रकार सिलिॲक. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. काही माणसांत ते आतड्याच्या आतल्या बारीक लवीला इजा करतं. अन्न शोषून घ्यायचं काम ही लवच करते. ती झिजली की लेकरू खातं, पण अंगी लागत नाही. पोळी, बिस्कीट सुरू झाल्यावर काही महिन्यांत भरपूर, दुर्गंधी शी, फुगलेलं पोट, काडीसारखे हातपाय, खुंटलेली उंची, लोहाचं औषध देऊनही न हटणारा पांढुरकेपणा असं चित्र दिसतं. हा आजार जन्मभर राहतो आणि पथ्यही जन्मभर पाळावं लागतं. जिथे पोळी जास्त खातात त्या उत्तर भारतात तो अधिक आढळला आहे. दिल्ली परिसरातल्या पाहणीत शंभरात सुमारे एकाला तो निघाला. आपल्याकडेही आता लेकराचं पहिलं घन अन्न म्हणजे दुधात बुडवलेलं बिस्कीट झालं आहे, म्हणून हा आजार माहीत असायला हवा.

याशिवाय पोटातले जंत, आव, क्षयरोग यांनीही लेकरू असंच वाळतं. आपल्या विदर्भात, आपल्या घरांत, सिकलसेलही आहे. लेकरू पांढुरकं, पोट मोठं, अधूनमधून ताप आणि हातपाय सुजून रडणं असेल तर पोळीला दोष देण्याआधी सिकलसेलची रक्ततपासणी करून घ्या.

आधी तपासणी, मग पथ्य

सिलिॲकसाठी आधी टीटीजी नावाची रक्ततपासणी करतात. गरज वाटली तर दुर्बिणीतून आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासतात. ही तपासणी होईपर्यंत लेकरू गहू खात असलं पाहिजे. घरीच आठ-पंधरा आठवडे गहू बंद करून मग तपासणीला नेलं, तर आजार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. म्हणून शंका आली की आधी दवाखाना, नंतर पथ्य.

कुठे जायचं? अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा लेकरं तपासायला येतं. पथक कधी येणार हे सेविकेला विचारून ठेवा आणि त्या दिवशी मजुरी बुडाली तरी लेकराला घेऊन हजर राहा. पुढची सोय म्हणजे वर्ध्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे)चं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. जाताना एक वही न्या. लेकरानं आठवडाभर काय खाल्लं, किती वेळ शी झाली, ती कशी होती, हे रोज लिहा. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरीकडून लिहून घ्या. डॉक्टरांसमोर पाच मिनिटांत जे आठवत नाही ते ही वही सांगते.

केळ्यानं शिकवलेला धडा

या आजाराचं पथ्य सापडायलाही फार वर्षं लागली. इंग्लंडमधल्या सॅम्युअल गी या डॉक्टरांनी 1888 साली अशा लेकरांचं नीट वर्णन केलं. पण कोणतं अन्न नडतं हे ठाऊक नव्हतं. 1924 साली न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास यांनी अशा लेकरांना केळ्यांवर ठेवलं. पाव बंद, सगळी धान्यं बंद, बटाटेही बंद. लेकरं सुधारली, आणि केळ्यातच जादू आहे असं लोकांना वाटलं. पण बरं झालं म्हणून त्याच लेकराला पुन्हा पाव दिला की आजार परत येई.

खरं कारण ओळखलं हॉलंडच्या विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी. दुसऱ्या महायुद्धात 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे भीषण उपासमार झाली. पाव मिळेना, माणसांनी ट्यूलिपच्या फुलांचे कंद उकडून खाल्ले. अशा काळातही डिके यांची सिलिॲकची लेकरं सुधारत होती. पाव परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली. डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. 1950 साली त्यांनी आपल्या प्रबंधात तो सिद्ध करून मांडला.

यातून आपण काय घ्यायचं? लेकरं केळ्यानं बरी झाली नव्हती, गहू बंद झाल्यानं झाली होती. भात आणि बटाटा त्यांच्यापासून विनाकारण तोडला गेला होता. आजही मोबाईलवर 'सगळी धान्यं बंद करा' असं सांगणारे भेटतात. एखादं पथ्य केल्यानं लेकरू सुधारलं, तरी त्या पथ्यातला नेमका कोणता भाग कामाचा आणि कोणता फुकटचा, हे तपासल्याशिवाय कळत नाही. कोणी सांगितलं म्हणून मानू नका, पारखून घ्या, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

एका घरातली हकीकत

माझ्या कामात भेटलेलं एक घर सांगते. पोरगी सव्वादोन वर्षांची. पावसाळ्यात जुलाब झाले, दूध दिलं की वाढायचे. गावात फिरणाऱ्या एका जडीबुटीवाल्यानं सांगितलं की पांढरं सगळं बंद करा. दूध, दही, भात, अंडं, सगळं गेलं. पुढे पोळी जड म्हणून तीही गेली. तीन महिने पोरगी मुगाच्या पाण्यावर आणि साबुदाण्यावर राहिली. जुलाब थांबले होते, म्हणून घरचे खूश. वजन केलं तर आठ किलो. दंडाचा घेर बारा सेंटिमीटर.

दवाखान्यात नेल्यावर निघालं ते इतकंच, की जुलाबानंतर दुधातली साखर काही काळ पचत नव्हती. गव्हाची तपासणी चांगली आली. भात, अंडं, वरण, भाकर, दही सगळं टप्प्याटप्प्यानं सुरू केलं, शेवटी थोडं थोडं दूधही. सहा महिन्यांत पोरीनं अडीच किलो वजन धरलं. दुधाचा आजार तिच्या आतड्यातून केव्हाच गेला होता. उरलेले दोन-अडीच महिने तिला पथ्यानंच आजारी ठेवलं होतं.

गहू गेला तरी भाकर आहे

तपासणीत खरंच सिलिॲक निघाला तर घाबरू नका. आपल्या आज्या-पणज्यांचं रोजचं अन्न गव्हाशिवायच होतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, वरई, राजगिरा यांत ग्लुटेन नाही. तूर, मूग, चणा, शेंगदाणे, तीळ, भाज्या, फळं, अंडी, मासे, मटण यांतही नाही. भाकर खातो म्हणून कोणी गरीब म्हणेल, ही लाज आधी मनातून काढा. शहरात 'ग्लुटेन फ्री' लिहिलेला पुडा महाग मिळतो. तेच धान्य आपल्या चुलीवर भाजून निघतं.

दीड ते तीन वर्षांच्या लेकराला दिवसातून पाच वेळा खायला हवं. एक नमुना देते.

सकाळी नाचणीचं सत्त्व किंवा ज्वारीच्या मऊ कण्या, त्यात गूळ आणि चमचाभर तेल. मधल्या वेळी केळं, किंवा ज्वारीच्या लाह्यांच्या पिठात शेंगदाण्याचं बारीक कूट आणि गूळ. अख्खे दाणे, अख्ख्या लाह्या देऊ नका, घशात अडकतात. दुपारी वरणात कुस्करलेली मऊ भाकर, सोबत पालेभाजी. संध्याकाळी उकडलेलं अंडं किंवा बेसनाचं धिरडं. रात्री मुगाची खिचडी, त्यावर पुन्हा चमचाभर तेल. घरात मटण, मासे शिजले की लेकराला नुसता रस्सा देऊन भागवू नका. मऊ शिजलेला तुकडा किंवा कलेजी बारीक करून द्या. रक्त वाढतं ते तुकड्यानं.

दूधच बंद ठेवावं लागलं, तर कॅल्शियम कुठून आणायचं हे ठरवा. या वयाला दिवसाला सुमारे 500 मिलिग्रॅम लागतं. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात सुमारे 120. नाचणी, तिळाचं कूट, काट्यासकट वाटलेली सुकी बारीक मासळी, शेवग्याचा पाला हे आपल्या आवाक्यातले पदार्थ. त्यानं पुरत नसेल तर डॉक्टर औषध देतात, ते विचारून घ्या.

गहू कुठे कुठे लपतो

सिलिॲकच्या लेकराला चिमूटभर गहूही चालत नाही. रवा, मैदा, शेवया, दलिया, पाव, टोस्ट, बिस्कीट ही तर गव्हाचीच रूपं. बाजारच्या बऱ्याच हिंगांत गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. दुधात टाकायच्या पावडरीत माल्ट असतो, तो जवाचा. पुड्यावर गहू, दूध, अंडं, शेंगदाणे असल्यास तसं छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. वाचता येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

सगळ्यात मोठी चोरवाट म्हणजे पिठाची गिरणी. आधी कोणाचे गहू दळले आणि त्यामागून तुमची ज्वारी टाकली, तर पहिल्या पिठात गहू येतोच. गिरणीवाल्याला कारण समजावून सांगा. गिरणी झाडून घ्यायला लावा आणि पहिलं किलोभर पीठ मोठ्या माणसांसाठी बाजूला काढा. घरी जातं असेल, ते फक्त लेकराच्या धान्याला ठेवता येत असेल, तर फारच चांगलं. पिठाचा डबा, चाळणी, परात वेगळी ठेवा. आधी भाकरी करा, मग त्याच तव्यावर पोळ्या.

पथ्य बरोबर आहे का? वजनाला विचारा

पथ्य लागू पडतंय की नाही, हे जुलाब थांबण्यावरून ठरवू नका. न खाणाऱ्या लेकराचे जुलाबही थांबतात. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा आणि कार्डावरच्या वाढीच्या रेषेवर ते मांडून घ्या. महिनाभरात वजन तिथेच अडलं असेल किंवा उतरलं असेल, तर पथ्य चुकीचं आहे नाहीतर अपुरं. सेविकेकडे दंड मोजायची पट्टी असते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या लेकराचा दंड 12.5 सेंटिमीटरच्या खाली गेला तर इशारा समजा. 11.5 च्या खाली गेला तर ते तीव्र कुपोषण आहे, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

डॉक्टरांनी एखादा पदार्थ बंद करून बघायला सांगितलं तर एका वेळी एकच बंद करा. किती आठवडे, हे विचारा. 'पुन्हा कधी सुरू करून बघायचं?' हा प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. ज्या पथ्याला शेवटची तारीख नाही आणि जन्मभराचं कारणही नाही, ते पथ्य संशयाचं. जुलाब सुरू असतील तर ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या द्या. त्या आशाताईकडे मिळतात. झिंक पूर्ण 14 दिवस द्यायची आणि लेकराचं खाणं थांबवायचं नाही.

खाल्ल्यावर ओठ-डोळे सुजले, श्वास लागला, लेकरू मलूल पडलं, शीतून रक्त गेलं, तर वाट बघू नका. 108 ला फोन करा.

हे एकट्या मायचं काम नाही

पथ्य मोडतं ते बहुतेकदा प्रेमानं. आजी बिस्कीट देते, काका पाव देतो, शेजारीण वाढदिवसाचा केक भरवते. मग बोल मायलाच लागतो. म्हणून घरातल्या सगळ्यांना, विशेषतः बापाला, दवाखान्यात सोबत न्या. डॉक्टरांचं बोलणं त्यानं स्वतः ऐकू द्या. घरच्यांना एकदा पटलं की वस्तीला सांगणं सोपं जातं.

बुद्ध पौर्णिमेला आपण विहारात खीर वाटतो. देह सुकवणारी उपासमार सोडून सिद्धार्थानं सुजाताची खीर घेतली, त्याची ती आठवण. त्या दिवशी कोणतंही लेकरू हिरमुसून परत जाऊ नये. शेवयांऐवजी तांदळाची खीर केली तर गहू न चालणारं लेकरू पंगतीत बसतं. दूध न चालणाऱ्यासाठी तांदूळ, गूळ आणि नारळाच्या दुधाची छोटी पातेली वेगळी शिजवा आणि पळीही वेगळी ठेवा. दीक्षाभूमीला जाताना अशा लेकराची भाकर-चटणी घरून बांधून न्या.

अंगणवाडीतून मिळणाऱ्या आहारात गहू किंवा दूध असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडून सेविकेला आणि पर्यवेक्षिकेला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं टिकत नाही.

आणि रेशन. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ आणि गव्हाबरोबर भरड धान्याचंही नाव आहे. म्हणजे ज्वारी मागणं ही मेहेरबानीची याचना नाही, ते कायद्यात लिहिलेलं धान्य आहे. वर्ध्याच्या शेतांत कापूस आणि सोयाबीन वाढलं, ज्वारी कमी झाली, आणि आता मजुराला भाकरीसाठी ज्वारी विकत घ्यावी लागते. ज्या घरात एकाच लेकराला गहू चालत नाही, तिथे रेशनचा तांदूळ आधी त्याच्यासाठी राखा, गहू बाकीचे खातील. पण तेवढ्यावर थांबू नका. येत्या ग्रामसभेत महिला मंडळानं ठराव मांडावा, की आमच्या रेशन दुकानात ज्वारी मिळाली पाहिजे. ठरावाची प्रत तहसीलच्या पुरवठा विभागात द्या आणि महिनाभरानं विचारायला जा. जाताना चार बाया सोबत घ्या.